आठवणींची पेटी : डब्लिनमधल्या एका दिवस-केंद्रासाठीच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

काम असं : उत्तर डब्लिनमधल्या ज्येष्ठांच्या दिवस-केंद्रासाठी कार्डं, आवाजाचे तुकडे आणि हातात घ्यायच्या वस्तू यांचा संच तयार करायचा. विषय एकच. आयर्लंडमध्ये वाढलेल्यांच्या लहानपणातले कलाकार आणि खेळाडू, जे आता हयात नाहीत. केंद्रात येणाऱ्यांपैकी काहींना स्मृतिभ्रंश आहे, बऱ्याच जणांना नाही. देखभाल करणाऱ्यांत भारतातून आलेल्या परिचारिका पुष्कळ आणि त्यांत मराठी बोलणाऱ्याही आहेत. समोरच्या आजीबाई 'गेबो', म्हणजे टीव्हीवरचे गे बर्न, म्हणाल्या तर त्यांचा चेहरा का उजळला, हे कार्ड धरणाऱ्या बाईला कळायला हवं. म्हणून या नोंदी मराठीत.

निवडीचा नियम पहिल्याच दिवशी ठरवून टाकला, कारण तो नसेल तर यादी नुसती फुगत जाते : व्यक्तीच्या जन्मवर्षात ८ मिळवा, मग १५ मिळवा. त्या दोन सालांच्या मधे जो माणूस घरात, मैदानात किंवा रेडिओवर भेटत होता, तोच तिच्या लहानपणातला. तो वारला कधी, याचा निवडीशी संबंध नाही. गे बर्न ४ नोव्हेंबर २०१९ ला गेले म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत, पण १९३६ साली जन्मलेल्या बाईंसाठी ते लहानपणातले नाहीतच; त्यांचा टीव्हीवरचा 'द लेट लेट शो' सुरू झाला ६ जुलै १९६२ ला, तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या. त्यांच्या लहानपणातला विनोदी नट म्हणजे जिमी ओ'डे. उलट १९५५ च्या माणसाला शनिवारी रात्री जागत बसायची परवानगी मिळाली की नाही, इथूनच गे बर्नची गोष्ट सुरू होते.

मृत्युलेख पुढे ठेवून कार्ड लिहिलं की ते हटकून फसतं. मृत्युलेख माणसाचा प्रवास सांगतो. आपल्याला मूल कुठे बसून त्याला बघत होतं, ते सांगायचं आहे.

संच तीन : जन्म १९३५ ते १९५०, जन्म १९५१ ते १९६५, आणि सोबत येणाऱ्या मुलामुलींसाठी १९६६ ते १९८५ ची पातळ जोड. पहिल्या दोन संचांत प्रत्येकी १२ कार्डं, तिसऱ्यात ८.

१० मार्च

वय एकच असलं तरी लहानपण वेगळं असू शकतं, आणि त्याचं कारण छपरावरचा अँटेना. आयरिश टीव्ही सुरू झाला ३१ डिसेंबर १९६१ ला. पण डब्लिन आणि पूर्व किनाऱ्यावर ब्रिटिश वाहिन्या त्याआधीपासून पकडता यायच्या. पश्चिमेला केरी-क्लेअरमध्ये नाही. तिथे २ नोव्हेंबर १९७८ ला आरटीई या सरकारी प्रसारणसंस्थेची दुसरी वाहिनी येईपर्यंत बहुतेक घरांत एकच वाहिनी होती.

परिणाम थेट कार्डावर होतो. एमन अँड्र्यूज (१९२२–१९८७) हा डब्लिनचाच माणूस, तरुणपणी मुष्टियोद्धा, पण मुलांचा लाडका झाला तो बीबीसीच्या 'क्रॅकरजॅक'मुळे. डब्लिनच्या मुलांना तो शुक्रवारचा खाऊ होता. केरीतल्या ट्रॅलीच्या मुलाला ते नाव नुसतं ऐकून माहीत. फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टचंही तसंच. पूर्वेला त्याला पडद्यावर खेळताना पाहिलं, पश्चिमेला वर्तमानपत्रातल्या फोटोत. म्हणून प्रत्येक कार्डाच्या मागे कोपऱ्यात एक खूण : 'पू' म्हणजे पूर्वेकडे हमखास चालेल, 'स' म्हणजे सगळीकडे. सत्र घेणाऱ्यानं आधी विचारायचं ते वय नव्हे, काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग. आयरिश माणूस काउंटी आनंदानं सांगतो, वय विचारलं तर आकसतो.

१८ मार्च

पहिल्या संचातलं पहिलं कार्ड गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या देशी, खेळांचा रेडिओ समालोचक मीहॉल ओ'हेर (२ जून १९२० – २४ नोव्हेंबर १९९६). बाळ ज. पंडितांच्या आवाजावर कसोटी सामना 'पाहिलेल्या' मराठी पिढीला हा माणूस काय होता, ते वेगळं सांगायला नको. पहिलं समालोचन १४ ऑगस्ट १९३८ ला मलिंगारहून, गॉलवे विरुद्ध मोनाहन उपान्त्य सामना. वय १८.

कार्डासाठी निवडलेला क्षण १४ सप्टेंबर १९४७ चा : ऑल-आयर्लंड गेलिक फुटबॉल अंतिम सामना न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, कॅव्हन विरुद्ध केरी. हा अंतिम सामना आयर्लंडबाहेर झाला तो एकदाच. प्रक्षेपणाची लाइन ठरावीक वेळेपर्यंतच घेतली होती, सामना उशिरापर्यंत चालला, आणि ओ'हेरनं चालू समालोचनातच 'आणखी पाच मिनिटं द्या' अशी विनवणी केली. लाइन तुटली नाही. कॅव्हन जिंकलं, २-११ विरुद्ध २-७.

हा आकडा कार्डावर नुसता छापायचा नाही. गेलिक खेळांत तेव्हा गोल म्हणजे ३ गुण, गोलच्या आडव्या दांड्यावरून मारलेला चेंडू १ गुण. २-११ म्हणजे १७, २-७ म्हणजे १३. परिचारिका ते 'दोन-अकरा' असं दोन संघांचा निकाल समजून वाचते आणि समोरचे कॅव्हनचे आजोबा गोंधळतात. म्हणून मागच्या बाजूला कंसात बेरीज, आणि वाचताना 'दोन गोल, अकरा पॉइंट' असंच म्हणायचं.

प्रश्न मात्र सामन्याचा नको. प्रश्न बॅटरीचा. ग्रामीण विद्युतीकरणाचा पहिला खांब उभा राहिला नोव्हेंबर १९४६ मध्ये, डब्लिन काउंटीतल्या किलसॅलहनला. १९४७ च्या सप्टेंबरात खेड्यांतले बहुतेक रेडिओ बॅटरीवरच चालत. एक कोरडी बॅटरी, आणि एक काचेच्या भांड्यातली दोन व्होल्टची आम्लाची. ही दुसरी गावातल्या दुकानात किंवा गॅरेजमध्ये भरून आणावी लागायची, आणि ते काम बहुधा घरातल्या पोरांकडे. हातात धरायची दांडी, चालताना पायावर आम्ल सांडायची भीती, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी रेडिओ कुणीही लावायचा नाही, अशी सक्त ताकीद. 'तुमच्याकडे बॅटरी भरून कोण आणायचं?' एवढ्या प्रश्नावर जो माणूस ओ'हेरचं नाव ऐकून गप्प होता तो बोलू लागतो. रेडिओ नसलेल्या घरची मुलं शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीबाहेर उभी राहून ऐकायची. त्यांच्यासाठी प्रश्न 'कुणाच्या खिडकीत?' असा फिरवायचा.

२ एप्रिल

छायाचित्रं. हा सगळ्यात वेळखाऊ भाग.

वर्तमानपत्रांतले फोटो उचलता येत नाहीत. आयर्लंडमध्ये छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो, फोटोतल्या माणसाच्या नव्हे. ओ'डे १९६५ ला गेला म्हणून त्याचा फोटो मोकळा होत नाही. चालणारे मार्ग तीन. आरटीईच्या संग्रहाकडून रीतसर परवानगी घेणं. विकिमीडिया कॉमन्सवरची खुली चित्रं. तिथे डच राष्ट्रीय अभिलेखागारानं साठ-सत्तरच्या दशकातले बरेच फुटबॉलपटू ठेवले आहेत, बेस्टसुद्धा. परवाना 'नामोल्लेख आवश्यक' असेल तर छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचा प्रकार मागच्या बाजूला ७ पॉइंटात. तिसरा मार्ग पुतळ्यांचा : सार्वजनिक जागी कायमच्या बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढून छापायला आयरिश कायद्याची मोकळीक आहे. भिंतीवरच्या चित्रांना ती लागू नाही, आणि इथेच बरेच जण फसतात, कारण डब्लिन-बेलफास्टमध्ये भित्तिचित्रं ढिगानं आहेत आणि फोटोही देखणा येतो.

पुतळे मिळतात. रॉक गायक फिल लायनॉट हॅरी स्ट्रीटवर, २००५ पासून. डब्लिनर्स या लोकगीतांच्या गटातला गायक ल्यूक केली याचे तर दोन, दोन्ही ३० जानेवारी २०१९ ला, त्याच्या मृत्यूला ३५ वर्षं झाली त्या दिवशी उघडलेले : साउथ किंग स्ट्रीटवर बसून गाणारा ब्राँझचा, आणि शेरिफ स्ट्रीटजवळ संगमरवरी भलंमोठं डोकं, ज्याचे केस तांब्याच्या तारांचे. पण पुतळा पाहून लहानपण आठवत नाही. तो मोठेपणी पाहिलेला असतो. पुतळ्याचं चित्र मागच्या बाजूला, नाहीतर पाकिटात. दर्शनी बाजूवर माणसाचा त्या काळातला चेहरा, त्या काळातल्या कपड्यांत.

एक अपवाद गेइटी थिएटरच्या दारातला. छताखालच्या फरशीत कलाकारांच्या हातांचे ब्राँझचे ठसे बसवले आहेत, त्यांत विनोदी नटी मॉरीन पॉटरचा आहे. पॉटर (१९२५–२००४) म्हणजे डब्लिनच्या मुलांचा नाताळ : गेइटीचं पँटोमाइम (मुलांसाठीचं गाणी-विनोदाचं नाटक), आईनं घासूनपुसून बसवलेली भावंडं, मध्यंतरातलं आइस्क्रीम. हा ठसा मूळ आकारात छापला की माणसं आपोआप त्यावर हात ठेवतात. तिचा हात लहान होता, हे तेव्हाच लक्षात येतं आणि त्यावरून ती रंगमंचावर केवढीशी दिसायची याची गोष्ट निघते. या एका कार्डाला ए४ आकार, बाकी सगळी ए५.

१४ एप्रिल

छपाई. ए५ म्हणजे १४८ × २१० मिमी. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांना, १७४८ × २४८० पिक्सेल. फोटो वरच्या दोन-तृतीयांशात असेल तर किमान १७४८ × १६५४ हवेत. संकेतस्थळावरून घेतलेला ८०० पिक्सेलचा फोटो पडद्यावर छान दिसतो आणि कागदावर डोळे-तोंड पुसट होतं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना तर तो नुसता राखाडी डाग.

कागद १६० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), पांढरा नाही, फिक्या साईच्या रंगाचा. नाव ३६ पॉइंट, ठळक, काळं. लॅमिनेशन मॅट, १२५ मायक्रॉन. चकचकीत पाऊच स्वस्त पडतात पण ट्यूबलाइटखाली अर्धा चेहरा पांढरा होतो, आणि व्हीलचेअरमधल्या माणसाला कार्ड तिरपं करून बघा म्हणणं बरं नाही. जाड कागद घेऊ नये. कडकपणा पाऊच देतो, आणि ३०० जीएसएमच्या पुढे छोटं यंत्र कड नीट चिकटवत नाही.

इंकजेटवर छापलं असेल तर पूर्ण एक दिवस वाळू द्यायचं. ओलावा आत राहिला की उष्णतेनं त्याची वाफ होते आणि गडद भागावर, म्हणजे नेमके केसांवर आणि कोटांवर, बारीक फोड येतात. पाऊच यंत्रात घालताना बंद कड पुढे. उघडी कड पुढे गेली तर हवा मागे कोंडून सुरकुती पडते, आणि ती काढता येत नाही.

ए५ चा पाऊच १५४ × २१६ मिमी असतो, म्हणजे चारही बाजूंना ३ मिमी नुसत्या प्लास्टिकची कड उरते. ती कापायची नाही. कार्डं रोज जंतुनाशकानं पुसली जातात. कड कापली की पाणी कागदात शिरतं आणि आठवड्याभरात थर सुटतात. कोपरे मात्र गोल करायलाच हवेत, म्हाताऱ्या माणसांची कातडी टोकदार प्लास्टिकनं चटकन फाटते. ६ मिमी त्रिज्येचा पंच वापरावा : कोपऱ्यात कागदापलीकडे सुमारे १.८ मिमी सील उरतं. १० मिमीचा पंच अधिक सुबक दिसतो, पण तो थेट कागदाच्या टोकापर्यंत पोचतो आणि कार्ड तिथूनच उकलतं.

दर्शनी बाजूवर मृत्युवर्ष नाही. मागेही ते सगळ्यात खाली, बारीक. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला 'अमुक २००८ साली वारले' ही बातमी त्या क्षणी नवी असू शकते, आणि दर वेळी नव्यानं लागते. कुणी डब्लिनर्समधल्या रॉनी ड्रूबद्दल 'छान गातो' म्हणाले तर 'गायचा' अशी दुरुस्ती करायची नाही. ज्यांना आठवतं ते स्वतःच 'देव त्याच्या आत्म्याला शांती देवो' म्हणतात, कधी आयरिशमध्ये, आणि क्रूसाची खूण करतात. तेवढं थांबायचं. पुढचा प्रश्न लगेच टाकायचा नाही.

२८ एप्रिल

नट फ्रँक केली. एका कार्डात बसत नाही आणि बसवूही नये.

१९६७ ते १९८२ चाललेल्या 'वाँडरली वॅगन' या मुलांच्या टीव्ही मालिकेत तो दुष्ट डॉक्टर अ‍ॅस्ट्रो. सत्तरच्या दशकात 'हॉल्स पिक्टोरियल वीकली' या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात गावगुंडीचा नमुना असलेला नगरसेवक. नव्वदच्या दशकात 'फादर टेड' या विनोदी मालिकेतला खुर्चीत पडून ओरडणारा फादर जॅक. १९६० ला जन्मलेली बाई, तिचा थोरला भाऊ आणि तिचा मुलगा, तिघांनाही तो माहीत आहे, पण तिघांचा माणूस वेगळा. म्हणून घडीचं कार्ड : ए४ कागद दोनदा मुडपून तीन चेहरे, नाव फक्त शेवटच्या घडीवर. प्रत्येक घडी वेगळी लॅमिनेट करून मधे २ मिमी फट ठेवायची आणि कापडी चिकटपट्टीनं जोडायची. एकसंध लॅमिनेशन मुडपलं की घडीवर पांढरी रेघ पडते आणि काही दिवसांत तिथेच तुटतं. नातवंड भेटायला आलं की हे कार्ड आधी काढावं.

त्याची तारीखही लक्षात ठेवण्याजोगी. केली गेला २८ फेब्रुवारी २०१६ ला. 'फादर टेड'चा नायक डर्मट मॉर्गन २८ फेब्रुवारी १९९८ ला, शेवटच्या भागाचं चित्रीकरण संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी.

नटांच्या कार्डांवर पात्राचं नाव मोठं, नटाचं लहान. मिक लॅली (१९४५–२०१०) याचा टोपीशिवायचा फोटो दाखवला तर कुणी ओळखत नाही. टोपी घातली की 'मायली!'. त्याची 'ग्लेनरो' ही मालिका रविवारी संध्याकाळी लागायची, १९८३ ते २००१. तिची धून वाजली म्हणजे सुट्टी संपली, गृहपाठ राहिलाय, उद्या शाळा. तिसऱ्या संचातल्या पिढीच्या पोटात अजून गोळा येतो.

'वाँडरली वॅगन'मधला कुत्रा जज हा यूजीन लँबर्टच्या कुटुंबाच्या बाहुल्यांपैकी. लँबर्ट २०१० साली गेले. मंकस्टाउनचं त्यांचं बाहुली-नाट्यगृह दुसऱ्या संचातल्या डब्लिनकरांना हमखास आठवतं. जजनं मुलांना रस्ता ओलांडण्याचे नियम गाण्यातून शिकवले आणि आज साठी ओलांडलेली माणसंसुद्धा ते ओळीनं म्हणतात. कार्डाची गरजच नाही. हातात घालायची कुत्र्याची बाहुली पुरे.

१२ मे

सारख्या नावांची तपासणी. गोल्फपटू क्रिस्टी ओ'कॉनर दोन, काका आणि पुतण्या, आणि दोघंही २०१६ लाच गेले : पुतण्या जानेवारीत, काका मे महिन्यात. काका सलग १० रायडर कप खेळले. पुतण्याचा तो प्रसिद्ध दोन नंबरच्या लोखंडी काठीचा फटका १९८९ चा, बेल्फ्रीच्या अठराव्या होलवर. शोधयंत्र फोटो सर्रास अदलाबदल करतं; फोटोखालचं साल तपासल्याशिवाय घेऊ नये. तसंच मीहॉल ओ'हेर आणि मीहॉल ओ मुर्हर्टी : दोघंही समालोचक, पहिला पहिल्या संचात, दुसरा दुसऱ्या-तिसऱ्यात.

हर्लिंगचं, म्हणजे काठी-चेंडूच्या गेलिक खेळाचं, एकच कार्ड ठेवायचं तर ते क्रिस्टी रिंगचं (१९२०–१९७९). कॉर्ककडून ऑल-आयर्लंडची आठ पदकं : १९४१ ते ४४ सलग चार, मग १९४६, आणि १९५२ ते ५४ सलग तीन. कॉर्कच्या माणसासमोर हे आकडे चुकवू नयेत. तो स्वतः मोजून दाखवतो, आणि ते मोजणंच सत्राचं यश आहे.

सॉकरचं, म्हणजे जगभर चालणाऱ्या फुटबॉलचं, कार्ड काढण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. १९७१ पर्यंत गेलिक संघटनेच्या सदस्यांना सॉकर, रग्बी, क्रिकेट खेळायला आणि बघायलाही बंदी होती. पाळत ठेवणारे लोक असत. त्यामुळे काही घरांत बेस्टचं नाव उघडपणे घेतलं जायचं नाही, आणि काही मुलं चोरून सामने बघायची. मॉस कीन (१९४८–२०१०) हा केरीचा गेलिक खेळाडू महाविद्यालयात टोपणनावानं रग्बी खेळला. बंदी उठल्यावर आयर्लंडसाठी ५१ सामने. त्याचं कार्ड बेस्टच्या आधी ठेवलं की विषय हसत-खेळत उघडतो.

दुसऱ्या संचात एक घोडा आहे आणि त्यावर वाद नको. आर्कल, १९६४, ६५, ६६ चा चेल्टनम गोल्ड कप, खुराकात गिनेस. देशभर त्याला नुसतं 'हिमसेल्फ' म्हणत. त्याचा सांगाडा किलडेअरच्या नॅशनल स्टडमध्ये आहे, पण तो फोटो कार्डावर घेऊ नये. धावता घोडा हवा, वर जॉकी पॅट टाफ.

२६ मे

आवाज. प्रत्येक तुकडा ४० ते ६० सेकंद, मोनो, सगळे −१८ एलयूएफएस या एकाच मोठेपणाला आणलेले, सुरुवातीला अर्धा सेकंद हळू चढवलेला. प्रेक्षकांचा गजर एकदम आला तर माणसं दचकतात.

जुन्या नोंदींत ५० आणि १०० हर्ट्झला घुमघुम असते. १०० च्या खालचं कापावं. वयानुसार वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं म्हणून २ ते ४ किलोहर्ट्झ ३ डेसिबल वाढवावं, त्याहून जास्त नाही, श्रवणयंत्रात कर्कश होतं. खरखर काढणारं सॉफ्टवेअर ६ डेसिबलवर थांबवावं. ते क्रोक पार्क या गेलिक खेळांच्या मैदानातल्या गर्दीलाच खरखर समजतं आणि खाऊन टाकतं. मग ओ'हेर रिकाम्या खोलीत बोलतोय असं वाटतं, आणि त्या आवाजातला जीवच जातो.

स्पीकर टेबलावर, कानाच्या उंचीला. टीव्हीतून वाजवू नये. सगळ्यांचे डोळे पडद्याकडे लागतात आणि एकमेकांशी बोलणं बंद होतं. गाणी वाजवायची तर केंद्राकडे इम्रो आणि पीपीआय या संगीत हक्कांच्या संस्थांचा परवाना आहे का, ते आधी बघावं. खरं तर डब्लिनर्स मंडळींच्या गाण्यांना ध्वनिमुद्रणाची गरज पडत नाही. पहिली ओळ कुणीतरी म्हणायची, मूळ पट्टीपेक्षा दोन-तीन अर्धस्वर खाली. ल्यूक केलीच्या पट्टीत कुणालाच गाता येत नाही, वयाच्या विशीतही येत नव्हतं.

९ जून

वेगळं पाकीट, लाल पट्टीचं. यातली नावं सत्र घेणाऱ्यानं स्वतःहून काढायची नाहीत. समोरच्यानं विषय काढला तरच.

मायामी शोबँड या नृत्यगृहांत वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचे फ्रॅन ओ'टूल, टोनी गेराटी आणि ब्रायन मॅकॉय, ३१ जुलै १९७५ ला कार्यक्रम करून परतताना उत्तर आयर्लंडच्या सीमेजवळ गाडी अडवून मारले गेले. त्या काळात नाचायला जाणाऱ्या प्रत्येकाला तो दिवस आठवतो. फुटबॉलपटू लियम व्हेलन, डब्लिनमधल्या काब्राचा मुलगा, ६ फेब्रुवारी १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात गेला तेव्हा २२ वर्षांचा. कॉर्मक मॅकअ‍ॅनलन, टायरोनच्या गेलिक फुटबॉल संघाचा कर्णधार, २ मार्च २००४ ला झोपेत गेला, वय २४. गायक स्टीफन गेटली ३३. गायिका डोलोरेस ओ'रिअर्डन ४६. ही कार्डं टाळायची नाहीत, त्यांची आठवण ठेवणं हेही याच कामात येतं. पण ज्या बाईनं स्वतःचा मुलगा गमावला आहे तिच्यासमोर मॅकअ‍ॅनलनचा हसरा चेहरा अचानक टाकणं निर्दयपणा ठरेल. हे पाकीट उघडलं की सत्र तिथेच संपवायचं नाही. नंतर एक हलकं कार्ड हवंच. विनोदी नट ब्रेंडन ग्रेसचा 'बॉटलर' त्यासाठी बाजूला ठेवला आहे : शाळकरी गणवेशातला मोठा माणूस, वाकडी टोपी.

२३ जून

वस्तू. हर्लिंगचा चेंडू, स्लिटर : सुमारे ७ सेंमी व्यास, ११० ग्रॅमच्या आसपास, चामड्याच्या उंचावलेल्या शिवणी. नवा पांढरा चेंडू बोटांना अनोळखी वाटतो, वापरलेला घ्यावा. अ‍ॅशच्या लाकडाची हर्ली, म्हणजे हर्लिंगची काठी, ३४ इंची. हिला अल्कोहोलच्या पुसण्यांनी वारंवार पुसलं की लाकूड कोरडं पडून कुसळं निघतात. मुठीची पट्टी दर महिन्याला बदलावी आणि लाकडाला जवसाचं तेल, रात्रभर मुरू देऊन सकाळी कोरड्या फडक्यानं पुसून. बसलेल्या माणसाच्या हाती हर्ली देताना दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी ठेवावी. ऐंशीच्या आजोबांचं मनगट अजूनही ती फिरवतं, विचार न करता.

अ‍ॅलेक्स हिगिन्ससाठी (१९४९–२०१०, विश्वविजेता १९७२ आणि १९८२) स्नूकरचा निळा खडू. शोबँडसाठी काचेची संत्र्याच्या सरबताची बाटली. त्या नृत्यगृहांत दारू मिळत नसे, 'मिनरल' मिळे, आणि ते कुणी कुणाला घेऊन दिलं, यावर लग्नं ठरली. बॅटरी खरी ठेवायची नाही. फोटोच.

१४ जुलै

सत्रांतली निरीक्षणं. 'हे कोण?' हा प्रश्न परीक्षेचा वाटतो, नाव न आठवलेला माणूस मिटून जातो. नाव आपणच सांगावं आणि 'घरात यांचं कौतुक कुणाला होतं?' असं विचारावं. मग आई येते, मामा येतो. नंतर किमान २० सेकंद गप्प बसावं. परिचारिकांना ही शांतता अवघड जाते आणि त्या दुसरं कार्ड काढतात. एका सत्रात चारच कार्डं. सहा झाली की बोलणं पाटीवर हजेरी घेतल्यासारखं होतं.

आयर्लंडच्या सॉकर संघाचा प्रशिक्षक जॅक चार्लटनचं कार्ड (१९३५–२०२०) तिसऱ्या संचातून दुसऱ्यातही ठेवलं. त्या पिढीचं ते लहानपण नव्हे, मुलांचं लहानपण. पण १२ जून १९८८ ला श्टुटगार्टमध्ये इंग्लंडला १-० हरवलं, आणि २५ जून १९९० ला जेनोआत रुमानियाविरुद्धच्या पेनल्टी झाल्या, तेव्हा घरात कोण कुठे बसलं होतं ते आईबापांनाच जास्त नीट आठवतं. नियमाला एवढी सवलत द्यायला हरकत नाही.

४ ऑगस्ट

सत्रांचं वेळापत्रक पुण्यतिथ्यांवर बांधलं तर जानेवारी भरून जातो : ४ ला लायनॉट, ७ ला ओ'डे आणि रेडिओवरचा लॅरी गोगन दोघंही, १५ ला ओ'रिअर्डन, ३० ला ल्यूक केली, ३१ ला बीबीसीवरचा टेरी वोगन. काळोखाचा महिना आणि वर ही यादी. वाढदिवस धरले की वर्षभर विभागणी नीट होते आणि केक आणता येतो.

२० ऑगस्टला तर तिघांचा वाढदिवस. डब्लिनच्या गेलिक फुटबॉल संघाचा प्रशिक्षक केव्हिन हेफर्नन १९२९, ओ मुर्हर्टी १९३०, लायनॉट १९४९. हेफर्नन लिफीच्या उत्तरेचा, मरिनोचा. लायनॉट दक्षिणेकडे क्रमलिनमध्ये आजीकडे वाढलेला. ओ मुर्हर्टी डिंगलजवळचा. डब्लिनचे दोन्ही काठ आणि केरी, एका टेबलाला पुरेसं भांडण. हेफर्ननच्या कार्डासाठी १९७४ चा अंतिम सामना : डब्लिन ०-१४, गॉलवे १-६. बेरीज १४ आणि ९.

२२ ऑगस्ट

पुढच्या छपाईसाठी : हेफर्ननच्या कार्डावर एकटा चेहरा चालत नाही, मागे निळी टेकडी, म्हणजे क्रोक पार्कमधल्या हिल १६ या प्रेक्षकांच्या चढावरची गर्दी, दिसायला हवी, नवा फोटो मागवला. ओ मुर्हर्टीच्या कार्डावर उच्चार देवनागरीत मागे ठळक करायचा. पॉटरच्या ठशाचं लॅमिनेशन तळव्याच्या जागी घासून धूसर झालं आहे, सुटे दोन छापून ठेवायचे. लायनॉटचं कार्ड दुसऱ्या संचात शेवटून तिसरं, ते पुढे आणायचं. क्रमलिनच्या बायका त्याच्या आजीबद्दलच जास्त बोलतात, म्हणून मागच्या मजकुरात तिचा उल्लेख पहिल्या ओळीत. स्लिटर एक कमी आहे. दुसऱ्या संचासाठी पाऊच संपत आले, मॅटच आणायचे.